खांद्यावरचा हात

हातखंब्याच्या एसटी स्टँडवर उतरले की डिझेल आणि फिनेलचा मिसळलेला वास येतो आणि माझी मूठ पिशवीवर आवळली जाते.

मी आठ वर्षांची होते. आत्याबरोबर रत्नागिरीहून सुरतेला निघाले होते. भर दुपारी मुंबईत अशाच वासाच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. "जागची हलू नको," असं बजावून आत्या बाथरूमला गेली. तेवढ्यात लाल डोळ्यांचा, दारूचा वास येणारा एक माणूस गाडीत चढला आणि माझ्यापुढे उभा राहिला.

"एकटीच काय गो तू?"

कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली आणि मला रडू कोसळलं. "आत्या खाली राहिली," मी कशीबशी म्हणाले.

माझ्या खांद्यावर हात ठेवून तो ड्रायव्हरला ओरडला, "थांबव रे गाडी. हिची आत्या खाली हाय."

गाडी थांबली. धापा टाकत चढलेल्या आत्याला फक्त तो हात दिसला. "हात काढ आधी तिच्यावरचा," ती कडाडली. तो उतरून गेला.

"घाबरलीस ना त्याला?" आत्याने मला जवळ घेत विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्याचं ते 'गो' आमच्याकडचं, कोकणातलं होतं, हे आता कळतं. गाडी त्यानेच थांबवली होती, हे मात्र मी आत्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.