दुसऱ्या कॅसेटच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत, ही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही विलासला ओळखत नाही, म्हणून असेल.

विलास कन्हानचा. वडील कोळशाच्या खाणीत. आणि हा पठ्ठ्या इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवायचा, की ड्रम वाजवता वाजवता मी ठेका सोडून त्याच्याकडे बघत बसायचो. हो, ड्रम माझ्याकडे होते. ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. चौघांचा आमचा हार्ड रॉक बँड. हुडकेश्वरला तेव्हा नुसती वावरं होती, तिथल्या एका टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी आम्ही धिंगाणा घालायचो. एरवी सीताबर्डीला माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं आमचा नमुना मागवला, आणि रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी विलासनं मला काढलं. चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर.

"तुह्या हाताले ताल नाही गा," तो म्हणाला. "तू कव्हर रंगव."

सगळे हसले. मीही हसलो. पण हसतानाच मी ठरवलं होतं — याला सोडायचं नाही.

शेडमध्येच त्यांनी कच्चं रेकॉर्डिंग केलं. दोन कॅसेट भरल्या, म्हणून आम्ही — म्हणजे ते — ऐटीत त्याला डबल अल्बम म्हणायचे. पहिल्या कॅसेटवर इंग्रजी गाणी. दुसरीवर विलासनं आपल्या बोलीत रचलेली: खाणीचा भोंगा, वडिलांचा खोकला, कन्हानचा पूल. असलं तेव्हा कोण करत होतं? चाहत्यांना वाटायला तीस जोड्या काढल्या. कव्हरं मीच रंगवली. तीसच्या तीस.

मुंबईला एकच कॅसेट न्यायची होती. कोणती, ते चाहत्यांना विचारायचं ठरलं. तोंडावर कुणी खरं बोलत नाही, म्हणून प्रत्येकानं चिठ्ठीवर मत लिहायचं, नाव घालायचं नाही. त्या गोळा करायचं काम विलासनं मला दिलं. मी बँडमध्ये नाही, तेव्हा मला कशाचं काय, असं त्याला वाटलं. इतका भोळा माणूस! की माझा अपमान झालाय, हे त्याच्या गावीच नव्हतं? मला याचाच जास्त राग होता, बहुतेक.

चिठ्ठ्या आल्या. मे महिन्यातल्या एका दुपारी, अर्धं शटर ओढून, मी त्या सगळ्या वाचल्या. जवळजवळ सगळ्यांना दुसरीच कॅसेट आवडली होती. एकानं लिहिलं होतं, इंग्रजी गाणी चांगली आहेत, पण ती आधी कुठंतरी ऐकल्यासारखी वाटतात. दुसऱ्यानं बजावलं होतं, आवाज खरखरीत आहे तो तसाच राहू द्या, मुंबईला जाऊन गुळगुळीत करू नका. आणि एक चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली: "माझे वडील खाणीत आहेत. भोंग्याचं गाणं त्यांना ऐकवलं. पुन्हा लाव म्हणाले."

आता ऐका. — त्या सगळ्या मी जाळल्या, आणि तीस नव्या लिहिल्या.

बोर्ड रंगवणाऱ्याला दहा तऱ्हेची अक्षरं येतात. काही तिरकी, काही गोल, काही डाव्या हातानं. दोन-चार ठिकाणी मुद्दाम शाई सांडली. इंग्रजी गाण्यांची वारेमाप स्तुती केली. दुसऱ्या कॅसेटबद्दल लिहिलं — गावठी. हसू येतं. हे मुंबईत वाजवलं तर नागपूरची इज्जत जाईल. प्रत्येक वाक्य लिहिताना मला विलासचा चेहरा दिसत होता, आणि मला मजा येत होती. फार मजा येत होती. एक गोष्ट मात्र लपवू नये: मलाही दुसरीच कॅसेट आवडली होती. म्हणून तर नेमका तिथंच घाव घातला.

रविवारी शेडमध्ये त्यानं त्या मोठ्यानं वाचल्या. सहा-सात वाचून झाल्यावर आवाज बारीक झाला. तरी तिसावी संपेपर्यंत थांबला नाही.

"लोकाइले नाही आवडलं त नाही आवडलं," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या कॅसेटची मूळ टेप त्यानं माझ्यादेखत पुसली. वाटलेल्या प्रतींचीही त्याला लाज वाटायला लागली. त्या परत आणायचं कामही माझ्याकडेच आलं. लोक देईनात. काहून वापस मागून राहिले, दुसरी तरी राहू द्या, म्हणायचे. बँडचा हुकूम आहे, असं सांगून मी एकूण एक आणल्या.

ते मुंबईहून चार दिवसांत परतले. बँड तिथंच संपला. विलास वडिलांच्या जागी खाणीत लागला.

सात-आठ वर्षांनी तो दुकानात आला. मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला. वयाच्या आधीच थकल्यासारखा दिसत होता. मी चहा सांगितला. बोलता बोलता मुंबईचा विषय निघाला. कंपनीच्या माणसानं पाच मिनिटांत इंग्रजी गाणी बंद केली होती, म्हणाला. असली आमच्याकडं ढिगानं येतात. तुमचं स्वतःचं काही आहे का, असं त्या माणसानं विचारलं.

"मी म्हटलं, नाही," विलास म्हणाला. मग कप खाली ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तू लोकाइचं खरं मत आणून देल्लं. नाही त ते गावठी गाणे ऐकवून मी अजून तोंडावर पडलो असतो."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. पण मला त्या टपरीवरचं हसू आठवलं, आणि आत कुठंतरी गार वाटलं.

"त्याच्यासाठीच त दोस्त असते गा," मी म्हटलं.