ताईचा जड हात

मिस्त्री साऱ्या गावाच्या गाड्या दुरुस्त करायचा, पण सख्ख्या बहिणीने जुन्या जीपचा गिअर अडतो म्हटलं की खेकसायचा, "गाडीला काय धाड भरलीय? तुझाच हात जड आहे." ताई नर्स होती. डोंगरातल्या पेशंटकडे जाताना दुसरा गिअर पडावा म्हणून ती बारा वर्षं गिअरचा दांडा थेट गुडघ्यापर्यंत रेटत आली होती.

आज त्याने कधी नव्हे तो दांडा उपसला. बुडाशी दांडा जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या बुशचा पार भुगा झाला होता; म्हणून तो एवढा रेटावा लागायचा. नवा बुश बसवून तो जीपमध्ये ताईशेजारी जाऊन बसला.

उतारावर ताईने दुसरा टाकायला सवयीने दांडा गुडघ्याकडे रेटला. खर्रर्र! दांडा भलतीकडेच, रिव्हर्सच्या तोंडाशी अडकला. जीप गिअरविना सुटली. नुसत्या ब्रेकला ती दाद देईना आणि वळण अंगावर आलं.

"रेटू नकोस ताई! दोन बोटांनी ओढ!"

ताईने मूठ सैल केली. दांडा अलगद बसला, इंजिन गुरगुरलं आणि जीप वळणाआधी आवरली.

मिस्त्रीने डॅशबोर्डवरची पकड सोडली. "बुशच गेला होता गं," तो पुटपुटला.

ताईने घट्टे पडलेला तळहात त्याच्यापुढे धरला. "आणि याला कुठला बुश बसवतोस?"