माझ्या हातचा गूळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गुळाची ढेप फोडायचं. दुपार होती. ओसरीवर पोतं अंथरलं, त्यावर ढेप ठेवली. मी वरवंट्यानं ठोके घालायचे आणि बायकोनं खडे वेचून डब्यात भरायचे, दर साली असंच. ती पाय लांब करून बसली होती. माझं लक्ष गेलं तर तिच्या डाव्या पायावर मुंग्या. एक-दोन नव्हे, घोट्यापासून पोटरीपर्यंत रांग लागलेली. लाल, चावऱ्या.

"अगं, पाय झटक," मी म्हणालो.

"कामून?"

"मुंग्या चढल्यात."

तिनं वाकून बघितलं. शेजारणीचा पाय बघावा तसं बघितलं. मग हातानं पुसून टाकल्या. म्हणाली, "चावल्या असतील तर त्यांचं त्यांना ठावं. मला काईच कळंना."

"म्हातारे, कातडी म्हशीची झाली तुझी."

"मंग. चाळीस वर्सं तुमच्याच दावणीला हाय की."

मी हसलो.

ढेप माझ्या हातची होती. मी गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो, तो नेमका कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण पाक आला की नाही ते मी काहिलीकडं पाठ करून, नुसत्या बुडबुड्याच्या आवाजावर सांगायचो. मानवतकडच्या एका गुऱ्हाळावर सारी उमर गेली. हात थकले तरी हंगामात मालक चार दिवस बोलावतो आणि एक ढेप माझ्या मर्जीनं करू देतो. माझ्या गुळात रंग उजळायची पावडर नाही. रानभेंडीचा चीक टाकायचा, मळी वर येते, ती काढायची, बस. असा गूळ काळा होतो. आधी बाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. आता शहरातले लोक हुडकत येतात.

तिला शुगर निघाली तेव्हा परभणीचा डॉक्टर म्हणाला, साखर बंद. मी म्हणालो, बंद म्हणजे बंद. घरी आल्या आल्या साखरेचा डबा उकिरड्यावर उपडा केला. दुसऱ्या दिवसापासून चहात गूळ. डॉक्टरला गुळाचं विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? साखर कारखान्यातली, गूळ शेतातला. मोबाइलवर पण तेच दाखवायचे, साखर सोडा, गूळ खा, खजूर खा, मध खा, नैसर्गिक खा. आपण जन्मभर जे केलं तेच औषध निघालं म्हटल्यावर माणूस दुसरं कशाला ऐकतो.

आमच्या गावात आशाताई आहे, घरोघर जाऊन बोटाला सुई टोचून शुगर बघते. तिनं एकदा पिशवीत रोप आणून दिलं. गोड तुळस म्हणे, ह्याचं पान चहात टाका. मी पान चावून बघितलं. गोड होतं, खोटं कशाला बोलू. पण मागून कडू आलं. थुंकलो. म्हणालो, "असली गोडी माणसाची न्हाई." बायकोनं ते रोप न्हाणीमागं लावलं. शेळीनंसुद्धा त्याला तोंड लावलं नाही. मी शेळीची बाजू घेतली.

गोळ्या दोन वेळच्या होत्या. गूळ सुरू झाल्यावर मीच म्हणालो, आता एक वेळ पुरे. ती हो म्हणाली.

मग घरात काही काही व्हायला लागलं. मी ते बघत होतो, पण मला ते कळत नव्हतं.

एकदा पालमच्या बाजारातून आलो. एसटीतून उतरलो, दोघं बोलत बोलत घरापर्यंत चालत आलो. ओसरीवर बघतो तर तिच्या एका पायात चप्पल नाही. "कुठं गळाली?" तर म्हणते, "घातलीच हाय की." पायाकडं बघितलं तेव्हा तिला कळलं. मी मागं गेलो. चप्पल थांब्यावरच होती, ती जिथं उतरली तिथं. आडवीतिडवी पडलेली नव्हती. अंगठा गावाकडं करून सरळ, कुणीतरी ती घालून उभं असावं तशी. माझ्याच्यानं ती लवकर उचलवेना. आजूबाजूला बघून घेतलं, मग उचलली.

ती न्हाणीतून आली की मागं मुंग्या यायच्या. पाणी टाकलं तरी यायच्या. आणि तिच्या तोंडाला एक वास यायला लागला. पाक उतरायच्या थोडं आधी काहिलीतून येतो, तो. मला तो वास आवडायचा. तिच्याजवळ बसलो की गुऱ्हाळावर बसल्यासारखं वाटायचं. मी तिला तसं बोललोही होतो.

ढेप फोडून झाली आणि ती म्हणाली, लय तहान लागली. एक तांब्या पाणी प्याली, मग दुसरा. भिंतीला टेकली. दिवस कलायला लागला तशी तिचा श्वास मोठा झाला, डोंगर चढून आल्यासारखा. हाक मारली तर डोळे उघडायची पण बघायची माझ्या मागं, दाराकडं. शेजाऱ्याची जीप आणली. पालमच्या दवाखान्यानं तपासून परभणीला न्यायला सांगितलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परभणी यायच्या आधीच तो श्वास थांबला. वास मात्र थांबला नव्हता. जीप तशीच माघारी फिरवली. गावात येईपर्यंत तो वास जीपमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माती झाली. वालूरहून माझी बहीण आली होती. आमच्यात चाल आहे, जिथं माणूस निजवलं होतं ती जागा सारवायची, पीठ पसरायचं, मध्ये दिवा ठेवायचा आणि वर टोपलं झाकायचं. सकाळी टोपलं उचलायचं. पिठावर ज्याचा माग उमटला असेल त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. बहिणीनं दिवस बुडता सगळं केलं. चाळणीनं पीठ पसरलं, हातानं सारखं केलं. टोपल्याच्या कडेला ओली माती लावून घेतली, किडामुंगी आत जाऊ नये म्हणून.

सकाळी उजाडल्यावर तिनं टोपलं उचललं. माती सुकली होती, तडा गेला नव्हता. दिवा विझलेला. पिठावर बारीक माग होता, सुईच्या टोकानं ओढल्यासारखा. कडेपासून निघून दिव्याभोवती फिरला होता आणि तिथंच संपला होता. बाहेर निघायचा माग नाही. मी दिवा उचलून बघितला. खाली मुंगी नाही. पिठात नाही, टोपल्याला नाही, घरभर नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरात एकही मुंगी नव्हती.

बहीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "दादा, मुंगी झाली रे वहिनी."

"मुंगीच कामून?"

"गोडावर वासना असंल. तू काय तिला गोड दिलं न्हाईस का?"

"दिलं," मी म्हणालो. "रोज दिलं."

त्याच वेळी आशाताई भेटायला आली. ओसरीच्या खालीच बसली. रडली. मी तिला सरळ विचारलं. ताणून धरायची मला सवय नाही.

"ताई, गुळानं गेली का ती?"

ती बहिणीकडं बघायला लागली.

"तिच्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ."

"बाबा, गूळ बी साखरच हाय," ती म्हणाली. "मध बी, खजूर बी. रंग बदलला म्हणून रक्तात गेल्यावर येगळं न्हाई होत. अन् गोळी कमी करायची नव्हती."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं. आईंना सांगितलं, दोनदा. त्या म्हणल्या, म्हाताऱ्याच्या हातचा हाय, त्यानं मला काय व्हतंय. अन् तुम्हाला बोलू नको म्हणल्या. लय मिजास हाय त्याला त्या गुळाची, मोडू नको."

तिला माहीत होतं. माहीत असून तिनं कप हातात घेतला, दोन वर्षं, आणि वर म्हणायची, चहा झकास झालाय. मला राग आला. तिचा आला, मग माझा आला. पिठावरचा तो माग अजून तसाच होता आणि बहीण त्याला हळद-कुंकू वाहत होती.

आणि मग ध्यानात आलं. गूळ मी काही तिलाच दिला नव्हता. गावात कुणाला शुगर निघाली असं कानावर आलं की मी डबा घेऊन जायचो. फुकट. साखर टाक, हे खा. असे तीन डबे गावात होते. एक शिंप्याकडं, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त.

मी उठलो. बहीण म्हणाली, "कुठं निघालास? सुतक हाय. आपण कुणाच्या दारी जायचं न्हाई."

गेलो. अनवाणी, उघड्या डोक्यानं. वाटेत बाया पाण्याला निघाल्या होत्या, त्यांनी मला येताना बघून लेकरं मागं ओढली. काल ज्याच्या घरातून मयत निघाली तो माणूस दिवस वर यायच्या आत गल्लीतून चाललाय, म्हटल्यावर काय करतील. मी पण तेच केलं असतं.

शिंपी मशीन पुसत होता. मी पायरीखाली थांबलो.

"तू?" तो म्हणाला. "आज?"

"डबा दे."

"कसला डबा?"

"गुळाचा. मी दिलेला."

"येडा झाला का? दिलेलं कुणी माघारी मागतं? जा, घरी बस. मी येतो."

"ती त्यानं गेली. तू बी तेच खायलायस. दे."

आतून त्याची सून म्हणाली, "मामा, त्यांना दारातून हलवा, लेकरू निजलंय." शिंप्यानं आपला पाय वर घेऊन तळवा बोटानं दाबला. परत दाबला. मी विचारलं, "कळायलंय का?"

"थोडं थोडं," तो म्हणाला.

त्यानं डबा आणला. हातात दिला नाही, सुतक ना. उंबऱ्यावर ठेवला आणि मागं सरला. "आता चहात काय घालू?"

"काय बी घालू नको. आशाताई आमच्याकडंच हाय, तिला बोलीवतो. बोट दे. गोळी सोडू नको, मी सांगितलं तरी सोडू नको."

डबा काखेत मारून मी दुसऱ्या घराकडं वळलो. त्यांनी मला लांबूनच बघितलं आणि आतून कडी घातली. मी हाक मारली. आत कुजबुज झाली, मग तीही थांबली. मी पायरीखाली मातीत बसलो आणि कडी निघेपर्यंत बसून राहिलो.