नवरी दारात आणि कुलूप गोठलेलं

काल सकाळची धडधड अजून छातीत आहे, म्हणून लिहायला बसलो. लिहिण्यातलं मला फारसं कळत नाही. गोड मानून घ्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्यांनी घराशेजारचा गाळा घेतला आणि पार्लर थाटलं. भांडवल काय, तर एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि खोबरेल. केसांना खोबरेल, भेगाळलेल्या टाचांना खोबरेल, काजळ पुसायला खोबरेल. बरणीवरचा चिकट कागद निघेना, पर्सची चेन अडकली, बिजागरी करकरली, की वहिनींची बाटली हजर. गल्लीत म्हणतात, वहिनींच्या हातावर माशी बसली तर घसरून पडेल. वहिनी म्हणतात, "पडू दे, पंख तरी चमकतील!"

पण इतक्या वर्षांत एकही नवरी त्यांच्या खुर्चीत बसली नव्हती. भुवया कोरायला वहिनी. लग्न ठरलं की सगळ्या चौकातल्या काचेच्या पार्लरात. यंदा मात्र समोरच्या शिंप्याची लेक अडून बसली, "मला वहिनीच हव्यात!"

वहिनींचे पाय जमिनीवर ठरेनात. आदल्या संध्याकाळी त्यांनी आरसा लखलखवला, खुर्ची पुसली आणि नवरीसमोर खडखड नको म्हणून शटरच्या कुलपातही खोबरेल सोडलं. चांगलं सढळ हाताने.

सकाळी कडाक्याची थंडी. नवरी, तिची आई, भाऊ दारात उभे. किल्ली आत गेली, पण फिरेना. वहिनींनी जोर लावला, मीही लावला. कुलूप हूं की चूं करेना.

"चौकातल्या पार्लरला फोन करू का?" नवरीची आई हळूच म्हणाली. वहिनींचा चेहरा पडला.

"दगड आणतो, फोडूनच टाकू," नवरीचा भाऊ म्हणाला.

"खबरदार!" वहिनींनी किल्ली ओढून काढली आणि डोळ्यांजवळ धरली. दात्यांत पांढरं पांढरं काहीतरी. "अगं बाई! गोठलंय! बाटली उन्हात ठेवायचं लक्षात राहतं, कुलूप कोण ठेवतंय उन्हात? भावोजी, तुमची पिशवी!"

माझ्या गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी! मी अक्षरशः पळालो. गुडघ्याने कुरकुर केली नाही, की मला ऐकू आली नाही, देव जाणे. पाणी तापवलं, पिशवी भरली आणि भर रस्त्यात कुलूप तिच्यात गुंडाळून उभा राहिलो.

"काका, कुलपाचे गुडघे दुखतात का?" शिंपी ओरडला. एरवी मी लाजेने आत पळालो असतो. काल हललो नाही.

वहिनींनी किल्ली घातली. टक्! शटर वर गेलं आणि सगळी गल्ली ओरडली.

नवरी सजून बाहेर आली तेव्हा तिच्या आईने तिला गोल फिरवून बघितलं. मग वहिनींचे तेलकट हात हातात घेऊन म्हणाली, "धाकटीच्या वेळीही तुम्हीच हं."

"बघितलंत भावोजी?" वहिनी मला म्हणाल्या. "तेल होतं म्हणून नुसत्या उबेने उघडलं. गंज असता तर फोडावंच लागलं असतं."

संध्याकाळी त्या पुन्हा बाटली घेऊन कुलपाशी वाकलेल्या दिसल्या. मी मुकाट्याने पाणी तापत ठेवलं.