हसला तरच फोटो

फोटोग्राफी शिकायला मी नेमका असा छोटा कॅमेरा निवडला, ज्यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. "समोरचा हसला की फोटो आपोआप निघतो," दुकानदार म्हणाला आणि मी भुललो. परवा तो कपाटात सापडला आणि नेरूळच्या सोसायटी हॉलमधली सासऱ्यांची साठीशांत आठवली. फोटोग्राफर नको, असं मीच ऐटीत म्हटलं होतं. सासूबाई साठ दिव्यांचं जड ताट घेऊन ओवाळतायत, हात भरून आलेत, सासरे जन्मात न हसलेले, आणि कॅमेरा ढिम्म! ती सोय बंद कशी करायची, ते मला कुठे ठाऊक? शेवटी दुकानदार काय म्हणाला होता, ते सांगून टाकलं. "दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुललात?" सासऱ्यांनी विचारलं. मी मान डोलावताच ते फिस्सकन हसले आणि फोटो निघाला. आज तो त्यांच्या भिंतीवर आहे. का हसलात, असं कुणी विचारलं की सांगतात, "आम्हीपण जावई असाच घेतला, मध्यस्थाच्या गोड बोलण्याला भुलून."