शोनातली गोष्ट, इंग्रजीतला शेवट

इथे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात राहायला आलो त्याच वर्षी लॉकडाउन लागला, त्यामुळे शेजाऱ्यांची ओळख व्हायची ती फक्त खिडकीतून. शेजारची बाई रोज दुपारी आपल्याच दारात उभ्या असलेल्या गाडीत काचा लावून बसायची आणि फोनवर हातवारे करत तावातावाने बोलायची. हिचं नवऱ्याशी कडाक्याचं वाजलंय, असं मी माझ्या नवऱ्याला, सलिलला, ठामपणे सांगून टाकलं. तू नसत्या भानगडीत नाक खुपसू नकोस, असं तो म्हणाला. मी अर्थातच खुपसलं.

तिचं नाव रुंबिदझाय. सगळे रुंबीच म्हणतात. मूळची झिम्बाब्वेची, इथे नर्स. घरात मुलांच्या ऑनलाइन शाळेचा कल्ला, म्हणून ती गाडीत बसायची. आणि भांडण वगैरे काही नव्हतं. बाईसाहेब कादंबरी लिहीत होत्या, शोनामध्ये, म्हणजे त्यांच्या मातृभाषेत, आणि लिहिलेलं रोज आईला वाचून दाखवत होत्या. आई खेड्यात, लिहिता-वाचता न येणारी. गुरं शोधायला गेलेली एक पोर वाट चुकते, त्या पोरीची गोष्ट होती.

आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हं' म्हणतात ना, तसं त्यांच्यात 'झेपफुंदे' म्हणतात. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने ते म्हणायचं, नाहीतर सांगणारा पुढे सरकत नाही. दिवसाउजेडी गोष्ट सांगायची नसते, असंही त्यांच्यात मानतात. इथे दुपार तेव्हा तिकडे सकाळ, म्हणून म्हातारी खिडकी लावून, पडदा ओढून बसायची. मध्येच थांबवून रागवायचीसुद्धा. गाईला अशी हाक कोण मारतं, इतकी वर्षं नर्सगिरी करून तुझी जीभ औषधाची झाली, असं म्हणायची. मग रुंबी ते वाक्य पुन्हा लिहायची. कुंपणापलीकडून मला हे सांगताना ती इतकी हसायची की मलाच तिचा हेवा वाटायचा. माझं पुण्याला आईशी फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलीस का, आणि इकडे थंडी आहे, एवढंच.

मग शहरातल्या एका प्रकाशकाने तिला पुस्तक छापण्याबद्दल विचारलं. शोनातलं पुस्तक इथे कोण घेणार, इंग्रजीत द्या, आणि जूनअखेर पूर्ण द्या, नाहीतर पुढचं पुढे बघू, असं त्यांचं म्हणणं. रुंबीने आधी चक्क नाही म्हणून कळवलं. आईला शेवट ऐकवल्याशिवाय हे पुस्तक दुसऱ्या कुणाचं होणार नाही, यावर ती अडून बसली. शेवटी आईनेच तिला वळवलं. आधी त्या लोकांचं उरक, मी कुठे पळून जाते, थांबते की, असं म्हणाली.

रुंबीने दुपारची गोष्ट बंद केली आणि इंग्रजी करायला बसली. रात्रपाळी, मुलं, भाषांतर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. शेवटची दोन प्रकरणं शोनात लिहायची राहिलीच होती. ती सरळ इंग्रजीतच लिहून झाली. ते हातावेगळं झाल्यावर ती मला म्हणाली, "आता निवांत आईसाठी लिहीन."

जुलैमध्ये तिच्या गावात कोविड शिरला. आईला ताप आला, मग धाप लागली. जायला विमान नाही, इथली दारंही बंद. नर्सच ती, बहिणीच्या तोंडून लक्षणं ऐकून काय ते समजली. त्या दुपारी बहिणीचा फोन आला की आई सारखी विचारते आहे, पोर घरी पोचली का. रुंबी इंग्रजी पानं घेऊन गाडीत धावली. तिचा चेहरा बघून मीही मास्क लावून बाहेर गेले आणि गाडीच्या उघड्या काचेशी उभी राहिले.

मला शोना कळत नाही. पण अडखळणं कुठल्याही भाषेत कळतं. एरवी धबधब्यासारखी बोलणारी बाई एकेका ओळीवर बोट ठेवून शब्द शोधत होती, मागे जात होती, चुकत होती. इंग्रजी वाक्य शोनात आणायचं, तेही रडू आवरत. पलीकडून एकदाही 'झेपफुंदे' आलं नाही. आई गेली, असंच मला वाटलं. पण शेवटी एक बारीक, स्वच्छ आवाज आला, दोन-तीन वाक्यं बोलला, आणि मग बहीण रडायला लागली. रुंबीने फोन मांडीवर ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाल्या.

"म्हणाली, मॅडम, आपण दमला असाल, आता पुरे करा. आणि ताईला म्हणाली, ह्या कोण बाई आहेत, माझ्या लेकीला बोलव, गोष्ट तिच्याकडे आहे."

पहाटे आई गेली.

तापात माणसं पोटच्या पोरांनाही ओळखत नाहीत, असं मी तिला परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, "चित्रा, मी नर्स आहे, मला ताप कळतो. आवाज माझाच होता, पण तिने माझं बोलणं नाही ओळखलं." माझा मात्र त्या प्रकाशकावर जीव जळत होता, अजूनही जळतो.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. प्रकाशन झूमवर झालं. सगळ्यांनी शेवटाची वाखाणणी केली. वाट चुकलेली पोर घरी पोचते ते प्रकरण म्हणे फार उत्कट उतरलंय. मग पाठीमागे पुस्तकांचं भरगच्च कपाट असलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, आफ्रिकी लेखकांनी आता इंग्रजी सोडून आपल्या भाषेत लिहायला नको का? रुंबी सभ्यपणे हसली आणि प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणाली. मी माझ्या स्वयंपाकघरात त्या माणसाला सणसणीत शिवी दिली. माझा मुलगा नचिकेत म्हणाला, "मॉम, तू म्यूटवर आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी तिला म्हटलं, आता कुणाची घाई नाही, तो शेवट शोनात लिहून टाक, आईसाठी.

"बसते गं रोज," ती म्हणाली. "पहिलं वाक्य बोलून बघते. आई म्हणते, मॅडम, आपण दमला असाल."