दोन-सहाचे माप

बसथांब्यावर एक बाई सैल झालेली काचेची बांगडी पुन्हा पुन्हा कोपराकडे सारत होती. मला बाबांचे बांगड्यांचे दुकान आठवले.

संख्याशास्त्र शिकत असताना मी तेथील सर्व गिऱ्हाइकांची मापे संगणकात नोंदवली होती. बाई दारात दिसताच तिचे माप सांगितले, तर ती दुसऱ्या दुकानात जाणार नाही, असा माझा सिद्धांत होता. त्याच उत्साहात मी एकदा शालिनीकाकूंना म्हणाले, "काकू, तुमचं माप दोन-सहा, बरोबर?"

बाबांनी त्या मापाची बांगडी चढवली. काकूंनी हात खाली करताच ती गळून पडली, आणि बाबांनी ती अलगद झेलली. काकूंनी हात पदराखाली घेतला. आपल्या आजाराविषयी त्या कोणाशीच बोलत नसत.

"या खेपेचा माल सैल आलाय, वहिनी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी एका मापाने लहान बांगड्या भरल्या.

त्या गेल्यावर मी नोंद बदलू लागले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "हात भरेल पुन्हा."

गिऱ्हाईक पुन्हा का येते, हे शोधणे आज माझा व्यवसाय आहे. जुनी नोंद क्षणभरही टिकू नये, अशी प्रणाली मी घडवते. तरीही जाणूनबुजून चुकीची ठेवलेली ती एक नोंद मला विसरता येत नाही.

पुढल्या संक्रांतीला काकू आल्या आणि आपला हात त्यांनी स्वतःच बाबांपुढे धरला.

"भाऊ, तुमचा तो सैल माल आता चढत नाही हो."